जुन्या वस्तीत ताशी ३०: पाटी लावून भागेल का?

पायवाट:
जुन्या वस्त्यांतले रस्ते मोटारी येण्याआधीचे. उंबरठा ओलांडला की थेट रस्ता, फुटपाथ नाहीच. तिथे ताशी ३० किमीची मर्यादा हवी, आणि कॅमेरे लावून, दंड करून ती पाळायला लावावी. अचानक पोर आडवं आलं तर ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ५० ने येणारी गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. ३० ची गाडी कोरड्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात उभी राहते. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ साली मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ३० लागू केलं. आभाळ कोसळलं नाही.

चौथा गिअर:
पोर पुढे केलं की समोरच्याचं तोंड बंद! रिकाम्या रस्त्यावर ३४ ने गेलो म्हणून पावती फाडणार? ही निव्वळ वसुली. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आणली, तर विरोधी अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. ते सगळे बेदरकार होते काय?

पायवाट:
सह्या खऱ्या. (काही रस्ते पुन्हा ३० मैलांवर नेण्याची मुभाही नंतर मिळाली.) पण जखमींचे आकडे उतरले, ते सोयीस्करपणे गाळलंत. अर्धा किलोमीटर जायला ५० ने ३६ सेकंद, ३० ने ६०. चोवीस सेकंदांसाठी एवढा त्रागा?

रेघोट्या:
रस्ता रुंद, सरळ, गुळगुळीत ठेवायचा नि वर ३० ची पाटी ठोकायची, म्हणजे ताट वाढून जेवू नका म्हणणं. नेदरलँड्समध्ये रस्त्यातच झाडं, बाक, वळणं घालून गाड्या चालण्याच्या गतीवर आणल्या. अशा 'वोनएर्फ' गल्ल्यांना १९७६ साली कायद्याने मान्यता मिळाली. पाटी न वाचताही पाय ब्रेकवर जातो.

चुनाविटा:
रेघोट्या, नव्या वसाहतीत ठीक. जुन्या गल्लीत झाडं लावायला जागा कुठाय? मग उरतात गतिरोधक. जड गाडी त्यावर आदळली की हादरे जुन्या भिंतींपर्यंत जातात, रुग्णवाहिकेतल्या पेशंटचे हाल वेगळेच. दगडी फरसबंदीने वेग उतरतो, पण खडखडाट वाढतो. रस्त्यालगत झोपणाऱ्यांनी काय करायचं? त्यापेक्षा सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बरे. दोन टोकांना वेळ नोंदली जाते, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून सुटता येत नाही.

चौथा गिअर:
सरासरीवाला चालेल. पण दंडाचा पैसा त्याच रस्त्यावर खर्च व्हावा आणि हिशोब जाहीर लागावा. तेवढं लिहून द्या, मी ३० ला तयार.

पायवाट:
हिशोब जरूर मागा. मात्र तो लागेपर्यंत ५० चालू द्या म्हणत असाल, तर माझा विरोध कायम.