डॉक्टर हू: डिस्नेचा पैसा गेला ते बरंच झालं (वाद घालायला या)

मांडवीकाठ

ज्यांची बातमी हुकली त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. डॉक्टर हू ही बीबीसीची १९६३पासूनची विज्ञानकथा मालिका. नायक 'डॉक्टर' म्हणजे काळातून फिरणारा परग्रहवासी; मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, आणि नटही. ३१ मे २०२५ला शूटी गाटवाचा डॉक्टर बदलला आणि त्याच्या जागी चक्क बिली पायपर हसत उभी राहिली. २००५ची रोझ, म्हणजे तेव्हाच्या डॉक्टरची सोबतीण! ती डॉक्टर आहे की आणखी कोण, हे सांगितलंच नाही. मग ऑक्टोबरात बीबीसीने जाहीर केलं की डिस्ने यापुढे भागीदार नाही, आणि २०२६च्या नाताळात एक विशेष भाग येईल, तो मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस लिहील. त्यापुढची मालिका कोणाच्या हातात, किती भागांची, यावर त्या घोषणेत चकार शब्द नव्हता.

सगळीकडे सुतक पाळणं चाललंय. माझं मत उलट आहे. गेला तो पैसा, जाऊ दे. ही मालिका पैशाने कधीच मोठी झाली नाही. टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं कालयान, कायम पोलीस बॉक्सच (रस्त्यावरची पोलिसांच्या फोनची निळी खोली) का? कारण दर गोष्टीला तिचं नवं रूप बांधायचं तर १९६३च्या बीबीसीला ते परवडणारं नव्हतं. मग 'रूप बदलणारं यंत्र बिघडलंय' अशी थाप मारून मोकळे झाले. तिची ती घरघर? ब्रायन हॉजसनने एका जुन्या पियानोच्या तारांवर घरची किल्ली घासली आणि त्या रेकॉर्डिंगवर प्रयोग करत बसला. १९६६मध्ये पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल याची तब्येत ढासळली, तर मालिका गुंडाळण्याऐवजी माणूसच बदलायची युक्ती काढली. १९७०ला रंगीत झाल्यावर खर्च आवरायला डॉक्टरला पृथ्वीवर अडकवून ठेवलं, आणि त्यातून तिसरा डॉक्टर जॉन पर्टवी याचा काळ मिळाला.

पैसा आल्यावर काय मिळालं? आठ-आठ भागांचे दोन सीझन आणि दोन्हींच्या शेवटी गोदामातला जुना माल, म्हणजे जुनेच खलनायक. २०२४ला सुतेख (१९७५चा), २०२५ला राणी (१९८५ची) आणि ओमेगा (१९७३चा). हा ओमेगा म्हणजे टाइम लॉर्डांचा, डॉक्टरच्या जमातीचा, मूळपुरुष. तो आला कसा, तर कॉम्प्युटरवर काढलेला अवाढव्य सांगाडा होऊन. आला, गरजला, खलास. ज्याला तो कोण हे ठाऊक नाही त्याला काही कळलं नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला रडू आलं.

मला हवंय ते असं: पंचेचाळीस मिनिटांचे बारा-तेरा भाग, त्यातले निम्मे एकाच जागी घडणारे. नवा मुख्य लेखक. आणि पुढची पाच वर्षं जुना एकही खलनायक नको. 'नायनाट' ओरडणारे ते चिलखती डालेकसुद्धा नकोत.

डालेक डिचोलीचो

नायनाट! नायनाट! नायनाट!

अंत्रुजकर

मांडवीकाठबाब, हे गरिबीचं कौतुक आपल्याला फार सुचतं, कारण झळ आपल्याला बसत नाही. काटकसरीतून १९६६ची युक्ती निघाली, कबूल. पण ऐंशीच्या दशकात तीच काटकसर पडद्यावर दिसायला लागली आणि लोकांनी हसायला सुरुवात केली. १९८५ला मालिका दीड वर्षं थांबवली ती काय लाडाने? १९८९ला तर बंदच.

आणि तू ज्या 'एका जागेच्या' गोष्टींवर जीव टाकतोस त्या कशा झाल्या ते बघ. २००७चा 'ब्लिंक', दगडी देवदूतांचा. त्यात डॉक्टर जेमतेम दिसतो, कारण त्याच वेळी तेव्हाचा डॉक्टर डेव्हिड टेनंट दुसऱ्या भागाच्या शूटिंगला गुंतलेला होता. म्हणजे एक स्वस्त भाग आणि एक महाग भाग शेजारी-शेजारी चालले होते. स्वस्तातला उत्तम भाग निघतो तो मोठ्या सीझनच्या पोटात. नुसते स्वस्त भाग काढलेस तर त्याला काटकसर नाही, दुष्काळ म्हणतात.

आजची पोरं एका बोटात ड्यून आणि अँडोरसारख्या खर्चिक विज्ञानकथा लावतात. त्यांच्यासमोर पुठ्ठ्याच्या भिंती ठेवणार का?

रायबंदरकरीण

अंत्रुजकरबाब, तुमचा मुद्दा मांडवीकाठच्याच बाजूने जातो हो! मोठा सीझन असेल तरच असले प्रयोग जमतात, हेच तर तो म्हणतोय. माझा सगळा राग त्या आठ आकड्यावर आहे. २०२४च्या आठ भागांपैकी दोनांत डॉक्टर अगदी थोडका, कारण गाटवाला आधीच्या मालिकेचं शूटिंग संपवायचं होतं. तेरा भागांत दोन गेले तर कळत नाही. आठात गेले तर पाव सीझन गेला. नव्या डॉक्टरशी ओळख व्हायच्या आत त्याचा निरोप समारंभ! हा माणूस काय ताकदीचा नट होता ते शेवटपर्यंत नीट बघायलाच मिळालं नाही.

पैसा कमी असो की जास्त, भाग वाढवा.

जुनाकाळ

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं म्हणतो. नाताळचा भाग करा, पायपरबाईंचं कोडं सोडवा आणि पाच-सात वर्षं दुकान बंद ठेवा.

१९८९ ते २००५ या सोळा वर्षांत मधला १९९६चा एक टीव्हीपट सोडला तर पडद्यावर काही नव्हतं. पण त्याच काळात चाहते लिहायला बसले. १९९१पासून कादंबऱ्या निघाल्या, १९९९पासून बिग फिनिशची श्राव्य नाटकं. पॉल कॉर्नेल, मार्क गेटिस हे पुढचे मालिकालेखक तिथेच तयार झाले. खुद्द डेव्हिसची एक कादंबरी १९९६ची आहे. २००५ला मालिका परतली ती या उपाशी लोकांनी लिहिली म्हणून तिच्यात तेवढा दम होता. आता सगळे जेवून सुस्त झालेत. थोडं लंघन घडू दे.

अंत्रुजकर

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे म्हणजे पडलो तर पडलो, लोळण बरी लागली असं सांगण्यापैकी आहे. ती सोळा वर्षं कुणी योजून दिलेली सुट्टी नव्हती. परत आली हे नशीब. न परतलेल्या मालिकांची नावं आपल्याला आठवतच नाहीत, म्हणून हा उपाय हुकमी वाटतो.

तुम्ही तर जत्रेची नाटकं बसवलीत. एक वर्ष नाटक खंडलं की काय होतं? पेटीवाला दुसऱ्या गावचं काम धरतो, रंगभूषेचा माणूस मिळत नाही, पोरांची तालमीची सवय मोडते. मालिका जिथे बनते त्या कार्डिफला २००५पासून मुखवटे करणारे, सेट बांधणारे, ध्वनी सांभाळणारे लोक तयार झालेत. सात वर्षं ते तुमची वाट बघत बसणार आहेत का?

जुनाकाळ

नाटक खंडल्यावर पुढच्या वर्षी मंडपाबाहेर लोक उभे असतात, तेही सांग की.

थेट सांगतो

एवढं चऱ्हाट कशाला? बाई डॉक्टर केली, मग काळा डॉक्टर केला, दर भागात उपदेश. लोक गेले. जुनं होतं तसं करा.

रायबंदरकरीण

जुनं कसं होतं ते बघू या. पहिली निर्माती वेरिटी लँबर्ट, सत्तावीस वर्षांची बाई, बीबीसीच्या बाबालोकांत एकटी. पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, वय चोवीस. २३ नोव्हेंबर १९६३ला पहिला भाग लागला तेव्हा केनेडींच्या हत्येला एकच दिवस झाला होता, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या आधी तो परत दाखवला. या दोघांनी ते धरून ठेवलं नसतं तर तुम्हाला 'जुनं' म्हणायला काही उरलंच नसतं.

त्या बाई डॉक्टरच्या, जोडी व्हिटेकरच्या, काळात काही भाग मिळमिळीत होते, मान्य. पण त्याच काळात 'डीमन्स ऑफ द पंजाब' झाला ना? डॉक्टरची सोबतीण यास्मिन हिची आजी, १९४७चा ऑगस्ट, शेतातून जाणारी नवी सरहद्द आणि एकाच घरातले दोन भाऊ. परग्रहावरचे लोक त्यात खलनायक नाहीतच. मरणाऱ्याजवळ कोणी नसेल तर ते येऊन साक्षीला उभे राहतात, एवढंच. आमच्या घरी तो भाग संपल्यावर कुणी रिमोट उचलला नाही. हा उपदेश वाटत असेल तर मग बोलणंच खुंटलं.

थेट सांगतो

तो भाग चांगला होता. बाकी मत तेच.

सांगेकर

विनय पटेलने लिहिला होता तो. मला वाटतं पुढची दिशा तिथेच आहे आणि इथे कुणी बोलतच नाही. २०२५चा 'द स्टोरी अँड द एंजिन' बघा, इनुआ एलम्सचा. लेगोसमधलं एक न्हाव्याचं दुकान, खुर्चीवर बसलेला माणूस केस कापून घेता घेता गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीवर बाहेर एक राक्षसी कोळी चालतोय. जवळजवळ सगळं एका खोलीत. माझ्या मते त्या सीझनचा तोच सर्वांत ताजा भाग.

तर लेखक लंडन-कार्डिफच्या बाहेरचे आणा. उद्या टार्डिस गोव्यात उतरवली तर ते हमखास कळंगुटला उतरवतील, माडाखाली, मागे कार्निव्हल. माझ्याकडे जागा आहे: कुर्डी. साळावली धरणात बुडालेला आमच्या सांगे तालुक्यातला गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा. पावसाळ्यापासून पाण्याखाली. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की घरांची जोती, वाटा, चिखलाने माखलेले बुंधे वर येतात आणि उठून गेलेली माणसं परत येऊन सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती घरं आपलं फेस्त, चर्चचा सण, करतात. दरवर्षी थोडे दिवस दिसणारा गाव! आता समजा त्या गर्दीत एक माणूस असा आहे जो उठून गेलाच नव्हता. पुढचं तुम्ही लिहा. याला कॉम्प्युटरचा सांगाडा लागत नाही.

डालेक डिचोलीचो

चिखलात आमची चाकं रुततील. पण ही गोष्ट भारी आहे, पात्रांव.

अंत्रुजकर

सांगेकरबाब, गोष्ट झकास, पण पैसे कोण देणार? बीबीसी चालते ब्रिटनमधल्या घरांच्या लायसन्स फीवर, २०२५मध्ये वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स. तिची सनद २०२७च्या डिसेंबरात संपते, आणि त्यानंतर ही फी अशीच राहील का यावरच तिकडे भांडण आहे. अशा वेळी ते घरच्या प्रेक्षकाकडे बघतील, सांग्याकडे नाही. लेगोसचा भाग निघाला तो डिस्ने भागीदार असताना, हे विसरू नका. तोच तर पैसा आपण सगळे उत्साहाने नाकारतोय.

करार होता तोवर ब्रिटन-आयर्लंडबाहेर सगळीकडे भाग तिथल्याबरोबर यायचा. आता पुन्हा आपण कुठून तरी मिळवून बघणार, आणि उजळ माथ्याने चर्चा करणार.

पोरसूं

मी इथे सर्वांत लहान असेन. माझी सुरुवातच २०२४ची. भाग मध्यरात्री तिकडे सुटायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. बघून संपेपर्यंत पोदेराचा, पाववाल्याचा, हॉर्न ऐकू यायचा. मला सुतेख कोण ते माहीत नव्हतं तरी अंगावर काटा आला होता. तुम्ही लोक यादी घेऊन बघता, म्हणून तुम्हाला मजा येत नाही.

आणि मांडवीकाठदादा, एक विचारू? एका जागेच्या गोष्टींत सगळे 'मिडनाइट'चं नाव घेतात. २००८चा, एका वाहनात अडकलेले प्रवासी, आणि राक्षस शेवटपर्यंत दिसतच नाही. तो कोणी लिहिला? डेव्हिसने. २०२५ला 'द वेल'मध्ये तोच राक्षस परत आणला, म्हणजे जुनाच माल, आणि तो भाग सगळ्यांना आवडला. मग तुमचा पाच वर्षांचा बंदीहुकूम कुठे राहिला?

मांडवीकाठ

पोरसूं, नेमकं बोट ठेवलंस. पण 'द वेल' का जमला बघ. तो राक्षस जुना आहे हे बराच वेळ कळतच नाही. तुझ्या पाठीमागे काहीतरी आहे आणि समोरच्याला ते दिसतंय, एवढ्यावर भाग उभा राहतो. जुनी ओळख पटली तर वरची साय, नाही पटली तरी दूध आहेच. ओमेगाला ओळख काढून घेतलीस तर काहीच उरत नाही. बंदी उठवायला मी तयार आहे, अट एकच: लेखकाने आधी ती गोष्ट नवा राक्षस घालून लिहून दाखवावी.

डेव्हिस मोठा लेखक आहे यात वादच नाही. २००५ला त्याने मेलेली मालिका उभी केली. पण तेव्हा तो बाहेरून आला होता, खिशात पंधरा-सोळा वर्षांचं साठलेलं घेऊन. दुसऱ्यांदा आला तो स्वतःच्याच आठवणी घेऊन. टेनंट परत, आता पायपर परत. नाताळात कोडं त्यालाच सोडवू दे, घातलंय त्यानेच. मग त्याने सन्मानाने किल्ल्या द्याव्यात.

अंत्रुजकरबाब, लायसन्स फीचं खरं आहे. म्हणूनच तर म्हणतो, जेवढं अंथरूण तेवढेच पाय. एका खोलीतला कुर्डीचा माणूस ब्रिस्टलमधल्या स्टुडिओतही उभा करता येईल.

सांगेकर

ब्रिस्टलमध्ये कुर्डी? मग कळंगुटच बरं.

रायबंदरकरीण

कुणीतरी त्या 'टाइमलेस चाइल्ड'बद्दल बोला ना! २०२०मध्ये तेव्हाचा मुख्य लेखक चिबनल याने डॉक्टर मुळात गॅलिफ्रेची, टाइम लॉर्डांच्या ग्रहावरचीच, नाही असं सांगून टाकलं, आणि त्यानंतर कुणी धड ते खोडलं नाही, धड वापरलंही नाही. नव्या लेखकाने याचं काय करायचं?

जुनाकाळ

१९७६लाच हार्टनेलच्या आधीचे चेहरे दाखवून झालेत. तेव्हाही कुणी काही केलं नाही. लोकांनी दुर्लक्ष केलं, मालिका चालली.

अंत्रुजकर

यावर नवा धागा काढा. इथे काका आणि मी एकमताचे व्हायला लागलो तर पंचाईत होईल.