गोळीतलं अँटिबायोटिक फुफ्फुसात नीट उतरतं का? सल्ला हवा

सायली_क: आईला न्यूमोनिया झालाय, वय 68. चालतं-बोलतं आहे, दम लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी घरीच अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्या. पण हे औषध फुफ्फुसात कमी उतरतं आणि लेव्होफ्लॉक्सासिन जास्त, असं वाचलं. बदलून मागू का? की इंजेक्शनच बरं?

औषधवाली: फार्माकॉलॉजी शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. वाचलंत ते खरं आहे, पण त्यावरून औषध बदलू नका. वायुकोशांच्या (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या) आतल्या बाजूला द्रवाचा पातळ थर असतो. त्यात अमॉक्सिसिलिन रक्तापेक्षा बरंच कमी असतं, लेव्होफ्लॉक्सासिन रक्ताइतकं किंवा जास्तच. अझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक तर पेशींच्या आत साठतं, रक्तात जेमतेम दिसतं. मात्र न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू, पेशींच्या बाहेर वाढतो आणि सहसा थोड्या अमॉक्सिसिलिननेही मरतो. फक्त ती पातळी टिकून राहावी लागते. म्हणून 8 तासांनी सांगितली असेल तर 8 तासांनीच द्या, रात्रीची गोळी सकाळवर ढकलू नका. अमॉक्सिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर, घाव घालतं. मायकोप्लाझ्मा या जंतूला ती भिंतच नसते, तिथे अमॉक्सिसिलिन कितीही पोचलं तरी व्यर्थ. लेजिओनेला हा आणखी एक जंतू पेशींच्या आत दडतो, त्यालाही ते चालत नाही. जंतू कोणता, हे आधी बघायचं, पोचण्याचा हिशोब नंतर.

निशाचर: इंजेक्शनबद्दल. लेव्होफ्लॉक्सासिन किंवा लिनेझोलिड या अँटिबायोटिकची गोळी जवळजवळ पूर्ण शोषली जाते, सुईने फार काही वाढत नाही. उलट डॅप्टोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतूनच देतात, तरी न्यूमोनियात वापरत नाहीत, कारण फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ) त्याला निकामी करतं. आणि लेव्हो स्वतःहून मागून घेऊ नकाच. मुळात टीबी असला तर तो तात्पुरता दबतो, निदान लांबतं. साठीपुढे स्नायूबंधांना इजा होण्याचा धोकाही वाढतो.

सायली_क: खूप धीर आला. तिची कॅल्शियमची गोळी चालू आहे, चालेल?

औषधवाली: अमॉक्सिसिलिनबरोबर चालेल. पुढे लेव्हो किंवा डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, तर ते आणि कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्यात निदान 2 तासांचं अंतर हवं. पोटातच एकमेकांना चिकटून बसतात, मग फुफ्फुसापर्यंत जाणार काय? अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं आहे, म्हणून आईला पेनिसिलिनची ॲलर्जी कधी झाली होती का, तेवढं आजच विचारा. आणि 2-3 दिवसांत ताप हलला नाही तर डॉक्टरांना फोन करा. श्वास भराभर चालला, ओठ निळसर दिसले किंवा ती असंबद्ध बोलू लागली तर मात्र थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठा. या वयात कधी ताप नसतानाही आजार वाढतो.