चर्चा: ओव्हरीच्या कॅन्सरच्या गाठीतले स्टेम सेल स्वतःच रक्तवाहिन्या बनवतात का?

जुळे सोलापूर, पॅथॉलॉजी
नेहमीचं चित्र असं: गाठ व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारं प्रोटीन) सोडते, शेजारच्या वाहिन्यांना फांद्या फुटतात, ते बेव्हासिझुमॅब या व्हीईजीएफ रोखणाऱ्या औषधाने अडवायचं. माझ्या मते हे अर्धंच चित्र आहे. 2009 मध्ये पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतल्या शर्मिला बापट यांच्या गटाने दाखवलं की सीडी133 ही खूण (पेशीवरचं प्रोटीन) असलेल्या गाठीच्या स्टेम सेलपासून एंडोथेलियल पेशी, म्हणजे वाहिनीचं आतलं अस्तर, तयार होतात आणि गाठीच्या वाहिन्यांत सामील होतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाला सीडी44 ही खूण असलेल्या पेशींत हेच दिसलं, तेही व्हीईजीएफवर न विसंबता. जीओजी-218 या बेव्हासिझुमॅबच्या चाचणीत आजार न वाढता राहण्याचा काळ 10.3 वरून 14.1 महिन्यांवर गेला, पण एकूण आयुर्मान वाढलं नाही. का, याचं उत्तर इथे शोधायला हवं.

सात रस्ता, ऑन्कोलॉजी
साफ असहमत. यातला बराच पुरावा उंदरांतला आणि मॅट्रिजेलवरचा (प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या जेलवरचा) आहे. मॅट्रिजेलवर तर फायब्रोब्लास्ट, म्हणजे साध्या जोडऊतीच्या पेशीसुद्धा, वाहिन्यांसारखी जाळी विणतात! आयकॉन7 या बेव्हासिझुमॅबच्याच दुसऱ्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांचं आयुष्य वाढलंच होतं, ते विसरू नका. पीएएस (साखरयुक्त पदार्थ दाखवणारा रंग) पॉझिटिव्ह, सीडी31 (अस्तराच्या पेशींची खूण) निगेटिव्ह दिसलं की लोक 'गाठीची वाहिनी', म्हणजे गाठीच्या पेशींनीच बनवलेली, असं लिहून मोकळे होतात. पीएएस ग्लायकोजेन आणि म्युसिनलाही (चिकट स्राव) लागतो, म्हणून आधी डायस्टेज हे एन्झाइम देऊन ग्लायकोजेन काढा, म्युसिन नाही ना ते बघा, पोकळीत तांबड्या पेशी शोधा.

जुळे सोलापूर, पॅथॉलॉजी
मान्य, म्हणून तर ऊतीच्या एकाच कापावर दुहेरी रंग सुचवतो: सीडी34 (वाहिनीच्या अस्तराची खूण) आणि पी53 (टीपी53 जनुकाचं प्रोटीन). हाय ग्रेड सिरस या ओव्हरीच्या आक्रमक कॅन्सरच्या गाठीत टीपी53 जवळपास नेहमीच बिघडलेलं असतं. गाठीची केंद्रकं पी53ने सरसकट गडद असतील आणि वाहिनीच्या भिंतीतलं सीडी34 पॉझिटिव्ह पेशीचं केंद्रकही तसंच गडद असेल, तर ती पेशी गाठीतून आलेली असण्याची शक्यता मोठी. 3 मायक्रॉनच्या कापातही शेजारच्या पेशीचं केंद्रक वर चढलेलं दिसतं, त्यामुळे कॉन्फोकलशिवाय (थराथराने बघणाऱ्या सूक्ष्मदर्शकाशिवाय) निकाल देऊ नये. जिच्यात पी53चा रंग अजिबात येत नाही अशी गाठ या कामाला घेऊ नका. तिथे रंग न येणं हे खरं की रंगकामाचा दोष, ते एकेका पेशीत ठरत नाही.

होटगी रोड, सर्जरी
मुळात नमुनाच धड हवा. मोठी ओव्हरी न चिरता फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकली की आतला भाग सडतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. सेंटिमीटरभर जाडीचे काप करून, नमुन्याच्या दहापट आकारमानाच्या 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये लगेच ठेवा. वादाचा निकाल काहीही लागो, बेव्हासिझुमॅबचे नियम बदलत नाहीत: मोठ्या शस्त्रक्रियेच्या किमान 28 दिवस आधी बंद, नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत, निदान 28 दिवस नाही. प्रत्येक डोसआधी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन. आतड्याला गाठ चिकटलेली असेल तर छिद्र पडण्याचा धोका नातेवाइकांना आधीच सांगा.