सही म्हणजे संमती नव्हे

'फॉर्मवर सही झाली की डॉक्टर सुटला' असं उपचाराच्या संमतीबद्दल म्हटलं जातं, ते चूक आहे. समीरा कोहली या पेशंटच्या खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की तपासणीच्या लॅपरोस्कोपीला (पोटात दुर्बीण घालून पाहण्याला) दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही. पेशंट सज्ञान असेल तर तिच्याऐवजी आईची सहीही चालत नाही. जीवावरच बेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

आयव्हीएफला (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराला) २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा लागू होतो. लेखी संमती हवीच, आणि भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत जोडप्याला ती मागे घेता येते. (हे आवर्जून सांगणारे किती?)

आयव्हीएफ करताना पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार) असेल तर सही करण्याआधी, स्त्रीबीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू होण्याआधीच विचारा: स्त्रीबीजं फार वाढली, तर अंडाशय सुजून पोटात पाणी होऊ नये म्हणून एचसीजी या हार्मोनऐवजी दुसरा ट्रिगर (स्त्रीबीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) देणार का? भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता सगळे गोठवणार का?