व्हिप्ड क्रीमचा कॅन स्प्रेच होत नाहीये, काय करू?

फ्रीजमधला व्हिप्ड क्रीमचा कॅन आहे, प्रेशरवाला. मागे थोडा वापरून ठेवला होता, आज काढला तर नोझल दाबलं की नुसतं फुस्स होतंय आणि पातळ क्रीमचे एकदोन थेंब गळतात, बस. हलवला की आत डुचमळतंय, म्हणजे क्रीम आहे अजून बरंच. संध्याकाळी केकवर घालायचंय. कॅन गरम पाण्यात बुडवून ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही नाही, अख्खा कॅन गरम पाण्यात अजिबात नको! आत प्रेशर असतं, तापला तर फुटू शकतो, ५० अंशाच्या वर नेऊ नका असं कॅनवरच लिहिलेलं असतं बघा. गरम पाणी फक्त नोझलला. बहुतेक कॅनचं प्लास्टिकचं नोझल सरळ वर ओढलं की निघतं, ते गरम पाण्यात थोडा वेळ टाका, आत वाळलेल्या क्रीमचा पिवळट चिवट थर बसलेला असतो तो मऊ पडला की टूथपिकने काढायचा. पण टूथपिक सुट्या नोझलमध्येच हां, कॅनच्या व्हॉल्व्हमध्ये काही टोचू नका, तिथे ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

प्रतिसाद २
धरता कसा ते पण बघा. या कॅनमध्ये तळापर्यंत जाणारी नळी नसते, त्यामुळे उभा किंवा आडवा धरून दाबला की वर साठलेला गॅसच आधी निघून जातो आणि क्रीम तळाशी पडून राहतं. तुमचं ते फुस्स म्हणजे बहुतेक हेच. पूर्ण उलटा धरायचा, नोझल खाली, आणि मगच दाबायचं. त्याआधी जोरात हलवायचा कारण गॅस असतो नायट्रस ऑक्साइड, तो क्रीममधल्या फॅटमध्ये विरघळलेला असतो आणि बाहेर येताना फुगतो म्हणून तर त्याचा फेस होतो, न हलवता मारलं की पातळच येणार. आणि आता उगाच दाबून बघत बसू नका, दर वेळी गॅस कमी होतोय.

मूळ प्रश्नकर्ती
नोझल निघालं!! टोकाशी घट्ट गोळा बसला होता. साफ करून, हलवून, उलटा धरून मारलं तर फेस आला, पण जरा सैलसर वाटतोय. केकवर टिकेल का?

प्रतिसाद ३
सैल येतोय म्हणजे एक तर कॅन बाहेर राहून कोमट झालाय नाहीतर गॅस बराच गेलाय. परत फ्रीजमध्ये ठेवून चांगला गार करा, फ्रीझरमध्ये नको, क्रीम गोठलं तर बाहेरच येणार नाही. गार करूनही सैलच आला तर गॅस संपत आलाय समजा, हे कॅन परत भरता येत नाहीत, भरता येतो तो सायफन, म्हणजे घरी क्रीम आणि गॅस भरून पुन्हा पुन्हा वापरायची बाटली, ती वेगळी. आतलं क्रीम काढायला कॅनला भोक वगैरे पाडू नका प्लीज.
आणि केकचं म्हणाल तर कॅनमधला फेस घट्ट आला तरी फार वेळ उभा राहत नाही, गॅस निघून गेला की बसतो आणि पाणी सुटतं. त्यामुळे आधीपासून सजवून ठेवायचा असेल तर ३० टक्क्यांच्या वर फॅट असलेलं गार व्हिपिंग क्रीम आणून गार भांड्यात फेटा. कॅनमधलंच वापरायचं असेल तर केक कापायच्या अगदी आधी मारा.