दाखल होताना प्रत्येक पेशंटला सिस्टरने दारू-तंबाखूबद्दल विचारावं का?

चार्जसिस्टर:
परळच्या एका रुग्णालयात वॉर्ड सांभाळते. माझं मत ठाम आहे: दाखल होणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, दारू, तंबाखू, गांजा, झोपेच्या गोळ्या यांबद्दल सिस्टरने विचारलंच पाहिजे. पाय मोडून माणूस येतो, घरचे म्हणतात "कधीमधी घेतो". ऑपरेशन होतं आणि तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, घामाने चादर ओली. रोजची दारू अचानक तुटली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत हा भ्रम. त्यात माणूस दगावू शकतो. आधी कळलं तर गोळ्या वेळेवर सुरू होतात, ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, दारूच्या सवयीबद्दलच्या 'ऑडिट' प्रश्नावलीत १० प्रश्न आहेत, त्यातले पहिले ३ विचारले तरी अंदाज येतो.

कल्याणकर:
माझा विरोध आहे. मेव्हण्याला कावीळ झाली होती. केस पेपरवर कुणीतरी 'अल्कोहोलिक' लिहिलं आणि मेडिक्लेम नाकारला गेला. तो सणासुदीला घेणारा माणूस! व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचा उपचार वगळण्याची अट पॉलिसीत असतेच. शिवाय शेजारच्या बेडचे नातेवाईक कान लावून बसलेले असताना खरं कोण सांगेल?

रात्रपाळी:
ताई, पटतं, पण रात्री आम्ही दोघी आणि चाळीस पेशंट, काही तर खाली गाद्यांवर. अजून एक फॉर्म आला तर तो टेबलावर बसूनच भरला जाईल. आणि कुणी "हो, सोडायचीय" म्हणालाच, तर त्या क्षणी पाठवू कुठे? मानसोपचाराची ओपीडी सकाळी.

चार्जसिस्टर:
@कल्याणकर, 'अल्कोहोलिक' ही नोंद नाही, शेरा आहे. आठवड्यातून किती वेळा, एका वेळी किती, शेवटची कधी, एवढंच लिहायचं. तसं लिहिलं असतं तर तोच कागद मेव्हण्याच्या बाजूने बोलला असता. @रात्रपाळी, फॉर्म नकोच. ॲलर्जी विचारतो तिथेच "शेवटची कधी घेतली?" विचारायचं. सोडायची असेल तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर हातात द्यायचा आणि सकाळच्या राउंडला डॉक्टरांना सांगायचं.

भांडुपची सून:
सगळे दारूवरच बोलताय. सासूबाई तीस वर्षं मिश्री लावायच्या. शुगरसाठी दोनदा अ‍ॅडमिट झाल्या, एकदाही कुणी विचारलं नाही. बाईमाणूस, व्यसन कसलं असणार! गालाच्या आतला पांढरा चट्टा शेवटी दातांच्या डॉक्टरने पाहिला. एक प्रश्न आधी विचारला असता तर वर्षभर आधी कळलं असतं. मी विचारण्याच्या बाजूने आहे.

कल्याणकर:
सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. तरी माझी अट कायम. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला, पण क्लेमच्या कागदांवर सही करताना आपणच सगळी फाइल उघडी करतो. आधी पेशंटला हे समजावून सांगा, मग विचारा.

रात्रपाळी:
हे करता येईल. मी आजपासून नातेवाइकांना औषधं आणायला पाठवून, बीपी घेता घेता हळू आवाजात विचारणार. उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणायला मोकळीक आहे, हेही आधीच सांगेन.