क्रूझवरचा गोंधळ: दिवटीचं काय करायचं?

माजलगावच्या वहिनी (सांस्कृतिक समिती):
मंडळी, जहाजवाल्यांचं उत्तर आलं. आपल्या सहलीत देवीचा गोंधळ घालायला खोली मिळाली, दुसऱ्या दिवशी दुपारी ४ ते ५:३०. पण दिवटी, म्हणजे गोंधळातली तेलाची मशाल, पेटवायला साफ नकार. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन, काहीच चालणार नाही. बॅटरीचा दिवा लावा म्हणायलेत. दादा अंबाजोगाईत आहेत तोवर ठरवा, सामान तेच आणणार आहेत. आजच कळवा.

औशाचे काका:
वहिनी, बॅटरीची दिवटी मुळीच नको. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ असायचा. नव्या कापडावर धान्याचा चौक, मधे कलश, आणि दिवटीवर तेल घालायचं काम माझ्याकडं. धूर डोळ्यात जायचा, पण जागचं हलायची सोय नव्हती. जोत विझली तर आजी बोलायची नाही दिवसभर. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी, एकेकीला नाव घेऊन बोलवायचं आणि समोर जोत नाही? त्यापेक्षा भारुडं करू. नाथमहाराज आपल्या पैठणचेच. टाळ, मृदंग आणि सोंग एवढ्यावर भागतं. गोंधळ परत आल्यावर कुणाच्या तरी घरी घालू, माझ्याकडं घाला.

देगलूरची ताई:
भारुडं चालतील काका, पण वेळ बदला ना. ४ वाजता जहाजाच्या खालच्या मोठ्या चौकात व्हायोलिन, चेलो आणि पियानो असतो. गेल्या खेपेला आपली सगळी मंडळी पत्ते खेळत बसली, मी एकटीच गेले. चेलोवाली माझ्यापासून दोन हातांवर. जहाज कललं की ती चेलोची सळई गालिच्यात घट्ट रोवायची, गुडघे आवळायची, आणि सूर जरासुद्धा ढळायचा नाही. नंतर बोलले तिच्याशी. महिनोन् महिने घराबाहेर, दिवसातून तीन-तीनदा वाजवायचं. १९१२ साली टायटॅनिकवरचे आठही वादक वाजवत राहिले, एकही वाचला नाही; मला तेच आठवत होतं. अशा माणसांसमोर दहा खुर्च्या तरी भरलेल्या असाव्यात. आपण आपलंच ऐकायला एवढ्या लांब जायचं का?

कोषाध्यक्ष:
ताई, वेळ बदलायचं पत्र समितीकडूनच जाऊ द्या, परस्पर कुणी मेल करू नका. मागं त्यावरूनच घोळ झाला होता. आणि खोली जहाजाच्या मागच्या टोकाची असेल तर घेऊ नका. खालून इंजिनाची थरथर येते, गेल्या खेपेला पेटीवर ठेवलेला पेला सुद्धा सरकत होता. थिएटरचा रात्रीचा कार्यक्रम दोनदा असतो, जेवणाच्या दोन पाळ्या असतात म्हणून. ज्येष्ठांना लवकरच्या पाळीत टाकलंय.

औशाचे काका:
पेटी नव्हतीच त्या वेळी. तबला होता, आणि दमट हवेनं उतरला होता. दर दहा मिनिटाला हातोडी घ्यावी लागत होती.

दादा (अंबाजोगाईहून):
वाचलं सगळं. हलगी रद्द करतो मग. ती शेकल्याशिवाय बोलत नाही, तिथं विस्तव कुठून आणणार. संबळ मढवायला दिलंय, परवा मिळेल. भारुडाला घेतलं तर कुणाची हरकत आहे का? दिवटी आईच्या वेळची आहे, पितळेची. काकांच्या घरच्या गोंधळाला ती लागेल म्हणून घेऊन येतोच. बॅगेत खाली टाकतो, हातात ठेवली तर विमानतळावर अडवतील. वहिनी, ५:३० नंतरची वेळ मिळते का बघा. मलाही तो चेलो ऐकायचाय.